वधूचे मामा, तिरक्या अक्षरांत

आमच्या पाथर्डी तालुक्यात लग्नपत्रिकेवरून जेवढी भांडणं होतात तेवढी शेताच्या बांधावरूनही होत नाहीत. कुणाचं नाव आधी आलं, कुणाचं नंतर, कुणाच्या नावामागचा 'श्री.' राहिला, कुणाचा 'साहेब' गळाला, यावरून सख्खे चुलतभाऊ दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारचा चहा पीत नाहीत. हे सगळं माहीत असून मी माझ्या लग्नाची पत्रिका स्वतः करायला घेतली, कारण मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

वेब पानं बनवणं हे माझं काम. नगरला एका लहानशा कंपनीत आम्ही सहाजण बसतो आणि दुकानांची, शाळांची, मंगल कार्यालयांची पानं बनवतो. होणारा नवरा रविराज माझ्या समोरच्याच टेबलावर बसायचा. तो कोपरगावकडचा, ओलिताखालच्या शेतीचा, चारी बाजूंनी ऊस असलेल्या घरातला. मी तिसगावची. आमच्याकडची माणसं दिवाळी झाली की ज्या मुलखात ऊस तोडायला जातात, त्या मुलखातला हा मुलगा. आमचं जमलं कसं हा वेगळा विषय आहे, आणि आईच्या मते तो चारचौघांत काढायचा नाही.

छापील पत्रिका देवापुढे ठेवण्यापुरत्या काढायच्या आणि बाकी सगळ्यांना मोबाईलवर पान पाठवायचं असं ठरलं. नावांची यादी आईने सांगितली आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती तीनदा फिरवली. वरती गणपती, मग आम्ही दोघं, मग वधूकडची नावं, त्याखाली वराकडची. वधूकडच्या नावांत सगळ्यात शेवटी, ठसठशीत जागा सोडून, 'वधूचे मामा: श्री. सहादेव बाबूराव शिरसाट'. इथपर्यंत कुणाचंही काही म्हणणं नव्हतं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, कारण घोळ तिथेच झाला. वेब पानावर अक्षर तिरकं करायच्या दोन तऱ्हा आहेत. एक नुसती दिसण्यापुरती, पुस्तकाचं नाव असलं, परक्या भाषेतला शब्द असला की वापरायची. दुसरी अर्थाची. तिला आम्ही 'एम' म्हणतो. शब्दाच्या आधी एक खूण, शब्द संपल्यावर दुसरी, आणि मध्ये जे आहे ते जोर देऊन म्हणायचं, असा तिचा अर्थ. कॉम्प्युटरला आवाज चढवता येत नाही, म्हणून मधला शब्द तो तिरका करून दाखवतो. ही इंग्रजीतली रीत. मी सहा वर्षं रोज ही खूण वापरतेय, त्यामुळे मला ती तिरकी दिसायची बंद झाली आहे. ती मला ऐकू येते.

मामांच्या नावाला मी ती खूण लावली. पत्रिकेतल्या एकशे बारा नावांत फक्त त्यांच्या एकट्याच्या.

का लावली तेही सांगते. माझे आईवडील दोघं ऊसतोडीला जायचे. नवराबायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. मी आठवीत गेले तेव्हा शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं की ही पोरगी हुशार आहे, हिला आता फडावर नेऊ नका आणि घरी एकटीही ठेवू नका. आई घरी राहिली. आप्पांचा कोयता अर्धा झाला, आणि एकट्या माणसाला मुकादम घेईना. तेव्हा मामा म्हणाले, दाजीला माझ्या जोडीला धरा, तोडायचं त्यांनी, त्यांच्या वाटच्या मोळ्याबी मीच वाहीन. पाच महिने मामांनी दोन माणसांच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढवल्या. पाचव्या महिन्यात फळीवरचा पाय सरकला. मोळी सुटली नाही, पण मान जी डावीकडे कलली ती कललीच. नगरच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, तो मामांनी महिनाभर घातला आणि मग खुंटीला अडकवला. फडावर जाणं संपलं. त्यांनी तिसगावात बाजाराच्या गल्लीत पिठाची गिरणी टाकली, आणि मी शिकत राहिले.

मग एकशे बारा नावांत जोर द्यायचा तर तो कुणावर द्यायचा, सांगा.

सकाळी दहाला मी पानाची लिंक मोबाईलवरच्या सगळ्या गटांवर सोडली. साडेअकराला आईचा फोन आला.

"स्नेहल, मामाचं नाव तिरकं का केलंस गं?"

"आई, ते तिरकं नाहीये. ते म्हणजे—"

"मला दिसतंय की. समद्यांची नावं सरळ हायेत, आन् सहादूचं एकट्याचं तिरकं हाय. आन् त्यात त्याची मान..."

खरं सांगते, मला मानेची आठवणच झाली नव्हती. इतकी वर्षं बघून ती मला मामांच्या मिशीसारखीच झाली होती, माणसाबरोबर आलेली. मी पान उघडून आईच्या डोळ्यांनी बघितलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. त्यातून मी वापरलेल्या मराठी फॉन्टमध्ये तिरकी अक्षरं वेगळी काढलेली नव्हती. अशा वेळी ब्राउझर सरळ अक्षरांनाच एका अंगाला ढकलतो. वरची रेघ जागच्या जागी आणि खालचे काने वाऱ्यातल्या बाजरीसारखे आडवे. 'सहादेव' हे नाव हुबेहूब मान कलल्यासारखं दिसत होतं.

"मामा काय म्हणाले?" मी विचारलं.

"मला काय बोलला न्हाई. बिभीषणला बोलला. म्हनला, लग्नात पोरीच्या मागं तू उभा ऱ्हा."

बिभीषण म्हणजे आईचा चुलतभाऊ. माणूस चांगला आहे, पण माझ्या लग्नात माझ्या मागे बिभीषणमामा उभा राहणार असेल तर मला लग्नच नको होतं, आणि हे मी ऑफिसात सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले. समोरच्या टेबलावर रविराजने हातातला चहा खाली ठेवला.

मी ताबडतोब खूण काढायला बसले. घाई, राग आणि डोळ्यांत पाणी, अशा तिन्ही गोष्टी एका वेळी असताना माणसाने कीबोर्डला हात लावू नये. नावाच्या आधीची खूण ठेवली आणि शेवटची बंद करणारी खूण उडवली. जोर सुरू झाला तो संपलाच नाही. मामांच्या नावापासून खालची सगळी पत्रिका तिरकी झाली. वराचे आजोबा, वराचे काका, सरपंच, माजी सरपंच, स्थळ, वेळ, 'आपली उपस्थिती हाच आहेर', सगळंच. मी जेवायला गेले. परत येईपर्यंत सासऱ्यांचा फोन येऊन गेला होता.

सासरे, काकासाहेब, यांच्याशी मी तोवर दोनदाच बोलले होते. आता संपलं सगळं, असं म्हणत फोन लावला.

"पोरी, पत्रिका बघितली," काकासाहेब म्हणाले. "तुमच्याकडची नावं हायेत उभी. आन् आमची बघ, कशी पळत्यात. चेअरमनला पाठवली मी. म्हनलं बघा, सूनबाईनं आपल्या पार्टीला काय झोक आनलाय."

मी आभार मानले. दुसरं काय करणार?

मग शांतपणे सगळं सरळ केलं. एकशे बारा नावं, पोलीस परेडमध्ये उभी केल्यासारखी. काकासाहेब थोडे नाराज झाले, पण तो माझा प्रश्न नव्हता. संध्याकाळी आईचा पुन्हा फोन.

"आता कशाला सरळ केलंस?"

"आई, तूच म्हणालीस ना!"

"सहादू म्हनतोय, बघ, मनात काय नव्हतं तर पुसलं कशाला? पुसलं म्हंजे मुद्दाम केलं हुतं. आन् पैलं जे हुतं त्याचा फोटो काढून तिसगावात समद्यांच्या मोबाईलवर फिरलाय."

रविराजचं म्हणणं पडलं की आता हा विषय सोडावा, लग्नापर्यंत माणसं विसरतात. हा मुलगा बागायती भागात वाढला आहे, त्याला आमची माणसं ठाऊक नाहीत. मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिसगाव गाठलं.

गिरणी चालू होती. दाराशी दळणाच्या डब्यांची रांग, आत पांढरं धुकं, आणि पट्ट्याचा तो आवाज, ज्यात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. लंकाबाई, माझ्या मामी, डब्यांवर खडूने नावं घालत बसल्या होत्या. त्यांना लिहिता येत नाही. प्रत्येक घराची त्यांची एक खूण आहे, कुणाची फुली, कुणाचा चांद, कुणाचे तीन ठिपके, आणि आजवर एकाचं पीठ दुसऱ्याच्या घरी गेलेलं नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दळन हाय का?"

हे मला लागलं. त्या गिरणीत मी दळणाच्या पोत्यांवर बसून बारावीचा अभ्यास केला आहे.

"मामा, मी बोलायला आलेय."

"बोल की. गिरनी चालू हाय, मोठ्यानं बोल."

"तुम्ही माझ्या मागे उभे राहणार नाही म्हणालात."

मामांनी चाळणीतलं पीठ झटकलं. मग माझ्याकडे न बघता बोलले, आणि आवाजात राग नव्हता हेच जास्त वाईट होतं. "तू शिकलेली हायेस. मी तुला काय बोलनार? पन तुला येक सांगतो. ज्या कोपरगावात तुझं लगीन हाय ना, तिथल्याच फडावर मी पडलो. मान अशी झाल्यावर हंगाम सरस्तवर तीन आठवडे मी तिथंच हुतो. मुकादम मला काय म्हनायचा ठावं हाय का? तिरक्या. 'ए तिरक्या, पानी आन. ए तिरक्या, बैलाला वैरन टाक.' ट्रकवाले म्हनायचे, कारखान्यावरचे म्हनायचे. म्या म्हनलं, चला, आता परत हितं यायचं काम न्हाई. आन् आता त्याच गावात, ष्टेजवर, हजार मानसांत जायचं. ते येकवेळ चाललं असतं गं. पन तू आधीच लिवून धाडलंस, की तिरका येतोय."

मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, आणि राग आला म्हणूनही आलं, कारण मी जे केलं होतं ते याच्या बरोबर उलटं होतं आणि ते सांगायला माझ्याकडे एकही धड मराठी शब्द नव्हता. मामींनी पदर पुढे केला. त्याला पीठ लागलेलं होतं, माझं तोंड पांढरं झालं.

"त्यात लिवलंय तरी काय?" मामी म्हणाल्या. "समदं गाव बघतंय, आन् मला कुनी वाचून दावलं न्हाई."

मग मी वाचायला लागले. मोबाईलवर पान उघडलं आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून गणपतीपासून सुरुवात केली. आमच्याकडे पत्रिका वाचायची एक चाल असते, सगळ्या नावांना एकच सूर, एका दमात पाच-सहा नावं ओढायची. मी तशीच वाचत गेले. श्री. मच्छिंद्र, श्री. कारभारी, श्री. श्रीमंत, सौ. छबूबाई, सौ. रंगुबाई. मामी प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, कोण कुठला ते ताडत. दळण घेऊन आलेल्या दोन बायाही ऐकत थांबल्या. मग 'वधूचे मामा' आलं आणि माझा आवाज आपोआप वर गेला. मी ठरवलं नव्हतं. "श्री. सहादेव बाबूराव शिरसाट" हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या कापडदुकानातला माणूस गल्लीत येऊन बघायला लागला.

"परत म्हन," मामी म्हणाल्या.

मी परत म्हणाले. तसंच.

"बाकीच्यांची नावं अशी न्हाई घेतली तू."

"नाही घेतली. मामी, तेच तर लिहिलं होतं मी. आमच्यात एक खूण असते, की हे नाव आलं की जोर द्या, असं घ्या. मी ती खूण लावली. कॉम्प्युटरला ओरडता येत नाही, म्हणून तो अक्षर तिरकं करतो. मी तिरकं नव्हतं केलं मामा. मी जोर दिला होता. फक्त तुमच्या नावावर."

मामींनी एका डब्यावर चांद काढला. मग म्हणाल्या, "म्हंजी हाळी हाय ती. भटजी लग्नात देतो तसली. मुलीचे मामा कुठं हायेत, चला, म्हनून."

मी सहा वर्षं हे काम करतेय आणि तीन वर्षं नव्या मुलांना शिकवतेय. 'एम'चा इतका नेमका अर्थ मला कधी सांगता आला नव्हता.

मामांनी गिरणीत धान्य ओतलं. त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. "मग जोर द्यायला तिरकं कशापायी?" ते म्हणाले. "ठळक करायचं. सरळ ठिवून करता येत न्हाई का जोर?"

हा प्रश्न बरोबर होता. "ते नाही मला माहीत, मामा. कुणीतरी साहेबाने ठरवलं असेल तिकडे."

"साहेब कशाला पायजे?" मामी म्हणाल्या. त्या अजून खडूनेच खुणा घालत होत्या. "तुमी फळीवर कसं चढायचे? डोक्यावर मोळी, आन् फळी अशी उभी. सरळ चढला असता तर मोळीसकट पाठीवर आला असता. म्होरं कलूनच चढायचे न्हवं? गाडा रुतला तर ढकलनारा सरळ उभा ऱ्हातो का? जोर लावला की मानूस तिरपा व्हतोच की."

दळणवाल्या बायांपैकी एक म्हणाली, व्हय, ते बी खरंच हाय. मामांनी पट्टा बंद केला आणि गिरणी हळूहळू थांबली. त्या शांततेत सगळ्यांना आपापल्या डब्यांची आठवण झाली. मामांनी एका पिशवीत ताजं बाजरीचं पीठ भरलं आणि माझ्या हातात दिलं.

"आईला दे. आन् दुपारच्या येष्टीला जा, उशीर करू नगस."

"मामा, ती खूण परत लावू का?"

"तुझी पत्रिका हाय," मामा म्हणाले. "तुझं तू बघ."

याचा अर्थ काय घ्यायचा, ते मला तिसगाव ते नगर कळलं नाही. हो म्हणाले असते तर प्रश्नच नव्हता. नाही म्हणाले असते तरी प्रश्न नव्हता. पिठाची पिशवी आईकडे द्यायची विसरून मी ती मांडीवर घेऊन बसले होते आणि माझी जीन्स पांढरी झाली होती. पण मी हट्टी आहे, हे घरात सगळे सांगतील. करंजीच्या घाटात, एसटी वळणं घेत असताना, मी मोबाईलवरूनच पान उघडलं आणि मामांच्या नावाला खूण परत लावली. या वेळी बंद करणारी खूण दोनदा तपासली.

आईने मला फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. "बरं मिटत आलं हुतं," हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. मामांकडून एक शब्दही आला नाही. लग्नाला सोळा दिवस होते आणि ते सोळा दिवस मी नीट जेवले नाही. रविराजला वाटलं, लग्नाची धाकधूक आहे. मी त्याला म्हणाले, तुझी कसली धाकधूक, तू तर येणारच आहेस.

लग्नाच्या दिवशी आमच्याकडची माणसं दोन टेम्पो आणि तीन जीपगाड्यांतून कोपरगावला आली. मे महिन्याचं ऊन, कार्यालयात कूलरचा घुर्र आवाज, आणि मी वधूच्या खोलीत शालूत कोंडलेली. आईला मी दर पाच मिनिटांनी एकच गोष्ट विचारत होते.

"आलाय," आई म्हणाली. "दुसऱ्या टेम्पोत हुता. पन हाळदीला बी म्होरं आला न्हाई. तिकडं वाढप्यांच्यात बसलाय, बुंदी मोजतोय."

"बोलले काही?"

"न्हाई. आन् बिभीषणनं नवा कोट शिवलाय, तेवढं मला दिसलं."

माईकवर भटजींचा आवाज आला. मुहूर्ताची वेळ जवळ आली आहे, मंडळींनी आपापल्या जागी बसून घ्यावं. आणि मग, त्यांच्या नेहमीच्या लांबवलेल्या सुरात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं."

दार उघडलं आणि बिभीषणमामा आत आला. नवा कोट, गुलाबी फेटा, अत्तर. माझ्याकडे बघून हसला आणि हात पुढे केला. माझा हात उठेना. आई म्हणाली, ऊठ बाई, येळ जातीय. भटजींनी दुसऱ्यांदा हाळी दिली, "मुलीचे मामा."

"बिभीषणा, जरा सरक," दारातून कुणीतरी म्हणालं.

सहादेवमामा होते. पांढरा सदरा, धोतर, आणि डोक्यावर फेटा, तो अर्थातच मानेबरोबर डावीकडे कललेला. बिभीषणमामा खरोखर चांगला माणूस आहे, तो लगेच सरकला. मामांनी माझा हात धरला. पिठाच्या कामाने त्यांचा तळवा कोरडा आणि खरखरीत झाला आहे, तो हात मी डोळे मिटूनही ओळखला असता. चालताना ते एकच वाक्य बोलले.

"दोनदा हाळी दिली त्यानं. तिसऱ्यांदा देऊ द्यायची नस्ती."

स्टेजवर मी पाटावर उभी राहिले. मामा माझ्या मागे, माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून. समोर अंतरपाट, त्यापलीकडे रविराज, आणि खाली हजारभर माणसं. कारखान्यावरची, सोसायटीतली, काकासाहेबांचे चेअरमन, पांढऱ्या कपड्यांतली सगळी पुढच्या रांगेत. मामांचे हात माझ्या खांद्यांवर घट्ट झालेले मला कळत होते. मला वाटलं, या माणसाला इथे उभं करून मी चुकले की काय. माझ्या हट्टापायी त्यांना इथे यावं लागलं होतं.

फोटोवाला कोपरगावचाच होता, तरणाताठा आणि कामाला पक्का. त्याने आधी मला हसायला सांगितलं, मग रविराजची कलगी सरळ केली. मग डोळ्याला कॅमेरा लावला आणि परत खाली घेतला.

"मामा," तो म्हणाला, चांगल्या मनानेच, "मान जरा सरळ करा. तिरकी येतीय."

भटजींनी माईक तोंडाजवळ नेला होता तो तसाच धरला. आईने तोंडाला पदर लावला. मी वळून त्या फोटोवाल्याला काय बोलणार होते ते देवालाच ठाऊक. पण मामांनी माझे खांदे दाबून मला सरळ समोर बघायला लावलं.

"तिरकी न्हाई ती," मामा म्हणाले. गिरणी चालू असताना ते बोलतात त्या आवाजात, माईक नसताना, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं. "जोर देऊन ठिवलीय. तशीच घ्या."

त्याने तशीच घेतली.